दिवाणांची पागा

गिरजापूर संस्थानात आलेली दोनशे विणकर कुटुंबं धर्मशाळेत दाटीवाटीनं राहत होती. महाराजांनी दिवाण त्र्यंबकरावांना फर्मावलं, "यांना घरं द्या. पण आमराईतलं एकही झाड तुटता कामा नये."

दिवाणांनी नदीकाठची सखल जागा निवडली आणि भर दरबारात मोजणीदार केरोबांपुढे नकाशा टाकला. "करा सही."

केरोबा म्हणाले, "साहेब, इथं पुराचं पाणी चढतं. माणसं बुडतील."

"कसला पूर? बारा वर्षांत आला नाही! सही करा, दुसरी जागा दाखवा, नाहीतर नोकरी सोडा."

केरोबा महाराजांकडे वळले. "सरकार, जागा आहे. पेठेमागच्या उंचवट्यावर दिवाणसाहेबांची पागा आहे. तिथं घरं बांधू आणि पागा नदीकाठी हलवू. झाडाला हातही लावावा लागणार नाही."

दिवाण ताडकन उठले. "माझे घोडे नदीकाठी? एका रात्रीत वाहून जातील!"

केरोबांनी शांतपणे विचारलं, "साहेब, जो पूर घोड्यांसाठी येतो, तो माणसांसाठी का येत नाही?"

दरबार हसला. महाराजांनी नकाशा मागवला आणि उंचवट्यावर स्वतःच्या हातानं खूण केली. नदीकाठ कुरण म्हणून मोकळा ठेवायचा हुकूम सुटला.

दोन वर्षांनी नदी फुगली आणि कुरणभर पसरली. उंचवट्यावरच्या दोनशे घरांत त्या दिवशीही माग चालू होते.