उंटावरच्या राजाची बारा पावलं

दूरच्या बोर्डिंगमधून नाताळसाठी घरी येताना जसिंताच्या डोळ्यांपुढे एकच चित्र होतं: दारात लुकलुकणारा कागदी तारा आणि चुलीपाशी करंज्या तळणारी आई. पण दारात तारा नव्हता. चूल गार होती. आई खाटेवर पडून होती. महिनाभराच्या तापाने तिच्या पायांतलं बळच गेलं होतं. बाबा तर केव्हाच देवाघरी गेले होते.

"जसू, यंदा बाळ येशूचा गोठा मांडायचा राहू दे गं," आई म्हणाली.

"आजवर कधी राहिलाय? मग यंदाही नाही राहणार!"

नाताळच्या सकाळी तिने माळ्यावरची पेटी काढली. पेंढ्याचा गोठा रचला, मातीच्या बाळ येशूला मऊ मऊ निजवलं आणि त्याच्या दर्शनाला येणाऱ्या तिन्ही राजांना, त्यातल्या उंटावरच्यालाही, ऐटीत त्याच्यापुढे उभं केलं. ते पाहून आई कितीतरी दिवसांनी खुदकन हसली.

"अगं शाळेतल्या शहाणे, राजे आजच पोचले? त्यांची वाट लांबची! उद्यापासून रोज एक पाऊल, उंबऱ्यापासून अशी बारा पावलं, तेव्हा कुठे तीन राजांच्या सणाला पोचतात. माझी आईही असंच चालवायची त्यांना."

जसिंताने जीभ चावली आणि राजांना उंबऱ्यावर नेऊन ठेवलं. राजांच्या वाटेसाठी चिमुकले खडे वेचायला ती विहिरीकाठच्या केळीत गेली. तिथे जांभळ्या केळफुलाजवळ काहीतरी चमचमत होतं. बोटाएवढी परी! तिचा चंदेरी पंख केळीच्या चिकात अडकला होता.

"हलू नको हं, इवलीशी आहेस, दुखेल," जसिंता म्हणाली. पाण्याच्या थेंबाथेंबाने तिने तो पंख सोडवला.

"गुणाची गं तू!" परी किणकिणली. "एक इच्छा माग."

"माझी आई चालू दे."

"मग हे तुझ्या उंटावरच्या राजाच्या कानात सांग. तो गोठ्याशी पोचला की इच्छा पुरी होईल. पण दोन नियम. घाई करून एका दिवसात दोन पावलं टाकायची नाहीत. आणि तो वाटेवर असताना दाराशी आलेल्याला रिकाम्या हाती धाडायचं नाही."

रोज एक पाऊल. आई कण्हली की जसिंताचा हात राजाकडे जाई आणि मागे येई. दाराशी कुणी आलं की घरातल्या मोजक्या केळ्यांतलं एक ती हसत देई.

अकरा पावलं झाली. सणाच्या आदल्या संध्याकाळी शेजारची नातालीन मावशी काठी टेकत आली.

"काय सांगू जसू, मेल्या मांजराने माझा उंटावरचा राजा फोडला! उद्या सण, आणि माझ्या गोठ्यात दोनच राजे. तुझा देतेस?"

एकच पाऊल उरलं होतं! तिने आईच्या पायांकडे पाहिलं. मग राजाला दोन्ही हातांनी उचललं आणि मावशीच्या ओंजळीत ठेवलं.

"जपा हं, मावशी. त्याच्या कानात एक गोष्ट आहे."

"मांजराला कोंडूनच ठेवते, बाय!"

सकाळी चर्चची घंटा वाजली. खाटेकडे बघायचा जसिंताला धीर होईना. तेवढ्यात स्वयंपाकघरात डबा खणखणला. चुलीपाशी आई उभी होती!

"पीठ कुठे ठेवलंस गं?" आई म्हणाली आणि स्वतःच दचकून आपल्या पायांकडे पाहू लागली.

जसिंता तिला बिलगली, तोच नातालीन मावशी धावत आली. हातात राजा होता, काठी नव्हती!

"जसू! आज घंटेबरोबर ह्याला माझ्या गोठ्यात ठेवला आणि माझ्या गुडघ्यांतली कळच पळाली!"

तिने राजाला बाळ येशूपुढे ठेवलं. त्याबरोबर पेंढ्यावर चंदेरी पंख फडफडले.

"राजा वाकड्या वाटेने गेला, पण दोन घरांना पोचला," परी म्हणाली. "तुझ्यामुळे, जसिंता." आणि ती सोनेरी उजेड होऊन गेली. क्षणभर पेंढ्याची काडी न् काडी झळाळली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई राजांना फडक्यात गुंडाळू लागली. जसिंताने उंटावरचा राजा तळहातावर घेतला.

"आई, पुढच्या नाताळला हा आपल्या उंबऱ्यावरून निघणार नाही. ज्या घरात गोठा मांडायला कुणाला उठवत नाही, तिथून निघेल. तिथला गोठा आधी मी मांडीन."

"मग वाट फार लांबेल गं त्याची!"

"लांबू दे," जसिंता म्हणाली. "मी आहे ना त्याच्याबरोबर चालायला."