ओल्या लंगोटाची कहाणी

श्रावणातला दुसरा शुक्रवार, सकाळी सहा वाजून चाळीस मिनिटं. आटपाट नगर, वॉर्ड सात, ओढ्यावरचा पूल. पुलाखाली सटवाईचं ठाणं आहे. त्या सकाळी ते दिसत नव्हतं.

चार तांदूळ हातात घ्या, लेकरं मांडीवर घ्या, आणि ऐका. सटवाईमाय, तूही ऐक, तुझ्याच ओढ्याची कहाणी आहे.

त्या नगरात एक घर होतं. घरात सासू होती, गोजराबाई. लेक होता, सोपान, तो सूतगिरणीत पहिल्या पाळीला जाई. सून होती, मैना. मैनेला मुलगी झाली. पाचवी पुजली, बारसं केलं, रेणू नाव ठेवलं. मग मैना उंबऱ्याच्या आत बसली. त्या घरची रीतच तशी. बाळंतिणीनं सव्वा महिना बाहेर पडायचं नाही. बाहेरचं पहिलं पाऊल टाकायचं ते ओढ्यावर, सटवाईला हळदकुंकू लावायला.

मग सासूनं काय केलं? आपलं जुनं लुगडं काढलं, टराटरा फाडलं, त्याचे लंगोट केले. म्हणाली, "माझ्या तिन्ही लेकरांना हेच नेसवलं. जुनेर अंगाला मऊ. कोरं कापड लेकराला बाधतं." मैना बरं म्हणाली. लेक ओली झाली, लंगोट बदलला. पुन्हा ओली झाली, पुन्हा बदलला. दिवसाला वीस लंगोट, आणि नळाला पाणी चौथ्या दिवशी.

पाणी आलं त्या दिवशी लंगोट बादलीभर पाण्यात धुतले. दुसऱ्या दिवशी अर्ध्या बादलीत धुतले. तिसऱ्या दिवशी तांब्याभर पाण्यात नुसते बुचकळले, साबण आतच राहिला. वर पावसाची झड. दोरीवर काही वाळेना. आणि दिवेलागणीनंतर लेकराचं कापड बाहेर ठेवायचं नाही, दृष्ट लागते. म्हणून सासू दमट लंगोट आत आणी, घडी करी, फळीवर ठेवी. मैना तेच नेसवी. लेकीच्या जांघेत लाल चट्टे उठले. सासूनं मीठमोहऱ्या उतरवल्या. मोहऱ्या तडतडल्या, चट्टे होते तिथंच राहिले.

मग वरच्या मजल्यावरची जाऊ खाली आली. शेवंता तिचं नाव. हातात फुगीर पुडकं.

"अगं मैने, कुठल्या जमान्यात राहतेस? हे लाव. वापरलं की टाकून द्यायचं. इथं छापलंय बघ, बारा तास कोरडं."

सासू म्हणाली, "बारा तास? गोठ्यातल्या म्हशीखालीसुद्धा बारा तास तसंच ठेवत नाहीत गं."

"आत्याबाई, लंगोट धुतं कोण? तुम्ही का मैना?"

मैनेनं पुडकं घेतलं. घेतलं खरं, पण जीव खालीवर. कापड लावावं तर लेकीला चट्टे. विकतचं लावावं तर आई आळशी. काहीही केलं तरी बोट तिच्याकडेच.

मग तिनं काय केलं? छापलं होतं बारा तास, तर घड्याळ बघून बारा तास ठेवलं. अकराव्या तासाला लेक किंचाळली, तरी मैना म्हणाली, थांब गं बाई, अजून एक तास आहे. वरून हात लावून पाहिलं, कोरडं होतं. काढून पाहिलं, तर चट्ट्यांची साल निघाली होती.

मग डायपर टाकायचा कुठं? सकाळी घंटागाडी आली. मैना उंबऱ्यातूनच म्हणाली, "दादा, एवढं घ्या."

गाडीवाला म्हणाला, "वहिनी, हे ओल्यात घालू का सुक्यात?"

"तुम्हीच सांगा."

"ओल्यात घातलं तर खतवाले माझ्या अंगावर येतात. सुक्यात घातलं तर भंगारवाले येतात. माझ्या गाडीला तिसरा डबा नाही." असं म्हणून गाडी गाणं वाजवत पुढं गेली.

बंब पेटवून जाळावं म्हटलं, तर सासू ओरडली, "खबरदार! लेकराच्या अंगचं जाळू नये, लेकराची आग आग होते."

मग मैना ते पिशवीत घाली. तोंडाला लंगोटाची गाठ मारी, दोन वेढे आणि एक उलटा. मोटारसायकलवर कामाला निघालेल्या सोपानच्या हाती देई.

"कुठं टाकता हो?"

"टाकतो कुठंतरी. तू लेकीकडं बघ."

पहिल्या दिवशी विचारलं, हेच उत्तर. दुसऱ्या दिवशी विचारलं, हेच उत्तर. तिसऱ्या दिवशी तिनं विचारलं नाही.

करता करता सव्वा महिना भरला. गुरुवारी संध्याकाळी लेकीचं अंग तापलं. रात्रभर रडली. शुक्रवारी पहाटे रडणं थांबलं. सासूला बरं वाटलं. मैनेला नाही. रडणारं लेकरू भुकेलं असतं, ओलं असतं. न रडणाऱ्याचं काय समजावं?

मैना म्हणाली, "सासूबाई, दवाखान्यात नेते."

सासू म्हणाली, "आधी सटवाई. सव्वा महिन्याचं पहिलं पाऊल दुसरीकडं पडलं तर कोप होईल. वाटेतच आहे, कुंकू लाव आणि जा." स्वतः ती निघाली नाही. त्या दिवशी नळाची पाळी होती. हंडे सोडून कशी जाणार?

मग मैनेनं लेक पदराखाली घेतली, हळदकुंकवाची वाटी घेतली, पूल गाठला, पायऱ्या उतरली. तों काय दिसलं? ओढा दिसेना. पुलाच्या खांबापासून काठापर्यंत पिशव्याच पिशव्या. पाण्यात पडलेले डायपर फुगून उशीएवढे झालेले. सगळ्या गल्लीच्या लेकरांचे. पाणी अडलेलं, ठाण्यावर चढलेलं. आणि गुडघाभर घाणीत एक म्हातारी उभी. खांद्याला पोतं, हात उघडे.

मैना म्हणाली, "आजी, इथं सटवाई होती."

"तीच उकरतेय. सकाळपासून हाताला लागली नाही. तू कोण?"

"मी सातव्या वॉर्डातली. सव्वा महिन्याची आले."

म्हातारीनं तिच्या पदराकडं पाहिलं. मग पोत्यातून एक पिशवी काढून समोर धरली. दोन वेढे आणि एक उलटा. "ही गाठ तुझी का?"

मैनेचा हात तोंडावर गेला.

म्हातारी म्हणाली, "मी कोंडाबाई. पुलापलीकडं राहते. आतलं कुणी घेत नाही, पण पिशवी विकली जाते, म्हणून मी गाठी सोडते. तुझी गाठ तीन दिवस सोडतेय. पहिल्या दिवशी आत नखाएवढा रक्ताचा डाग. दुसऱ्या दिवशी बोटाएवढा. काल तळहाताएवढा. कुणाचं लेकरू आहे, ते कळेना. टाकणारा गाडीवर येतो, वरून फेकतो, जातो. मी खालून हाका मारल्या. त्यानं गाडी थांबवली नाही."

मैना वाटी पुढं करून म्हणाली, "देवीला कुंकू..."

"ठेव ती वाटी! आधी दवाखाना. सटवाई लेकरं राखते म्हणून तिला कुंकू. लेकरूच गेल्यावर कशाचं कुंकू लावशील?"

मैना धावली. सरकारी दवाखान्यात नर्सबाईंनी लेक पालथी केली, पाहिलं आणि डॉक्टरांना हाक मारली. जखम चिघळली होती, ताप त्यातलाच होता. सलाईन लावलं. मैना बाकावर बसली. एक तास गेला, लेक रडली नाही. दोन तास गेले, लेक रडली नाही. तिसऱ्या तासाला लेकीनं ओठ काढले आणि असा टाहो फोडला की बाकावरच्या बाया हसल्या आणि मैना रडली.

नर्सबाई म्हणाल्या, "कापड वाईट नाही. विकतचंही वाईट नाही. ओलं राहिलं, ते वाईट. जखम मोकळी ठेवा. घरी गेल्यावर लंगोट चांगल्या पाण्यात तीनदा खळबळा."

मैना म्हणाली, "बाई, पाणी चौथ्या दिवशी येतं."

नर्सबाईंनी कागदावर औषध लिहिलं. पाण्याचं काही लिहिलं नाही.

पाचव्या दिवशी लेक घरी आली. मैना भाकरी घेऊन ओढ्यावर गेली, म्हणाली, "कोंडाबाई, मला वसा सांगा."

"वसा कसला? सांगते ते कर, आणि मधेच सोडू नको. लेकरू ओलं झालं की बदल. पुडक्याला विचारू नको, सासूला विचारू नको, लेकराला विचार. दुसरं, कापड असेल तर साबण जाईतो खळबळ आणि खडखडीत वाळल्याशिवाय नेसवू नको. विकतचं असेल तर शी संडासात झाड, कागदात गुंडाळ, पण पाण्यात टाकू नको. आणि तिसरं, गाठ लेकीच्या बापाला शिकव. आत काय असतं ते टाकणाऱ्याला कळू दे."

मैनेनं वसा घेतला. सोपानला समोर बसवलं. तो म्हणाला, "मला जमायचं नाही." मैना म्हणाली, "दिवसभर सुताच्या गाठी मारता, ही एक जमत नाही?" पहिली गाठ सुटली. दुसरी सुटली. तिसरी बसली. मग रोज सकाळचे लंगोट त्यानं धुतले. पहिल्या दिवशी गल्ली हसली. आठव्या दिवशी शेवंतानं आपल्या नवऱ्याला खाली पाठवलं, बघून ये म्हणून.

पण तिसऱ्यांदा खळबळायला पाणी कुठलं? गोजराबाईनं घरोघर जाऊन प्रत्येकीकडून एक कळशी मागितली. बायांनी दिली. स्वतःच्या पिण्यातली दिली. लेकीची जखम वाळली, खपली पडली, गोरी कातडी आली. पण दुसऱ्याच्या कळशीवर वसा किती दिवस चालणार? आणि वापरलेल्या डायपरची पुडकी दाराशी साठली होती.

मग गल्लीतल्या बाया नगरपालिकेत गेल्या. पाणी खात्यात गेल्या. तिथला म्हणाला, "टाकी बांधून झाली आहे, वीज जोडलेली नाही, माझ्या हातात नाही." आरोग्य खात्यात गेल्या. तिथला म्हणाला, "तिसऱ्या डब्याचा ठराव नाही, माझ्या हातात नाही." मुख्याधिकाऱ्यांकडं गेल्या. ते म्हणाले, "बायांनो, ओढा तुम्हीच भरून टाकलात. आपल्या आज्यांसारखं कापड वापरा."

गोजराबाई पुढं झाली. "मीच ती आजी. कापड धुवायला पाणी द्या."

"मग विकतचं वापरा."

"मग टाकायला जागा द्या. आणि जी बाई ते उचलते तिला हातमोजे द्या."

साहेब म्हणाले, "अर्ज ठेवून जा."

बायांनी अर्ज ठेवला. शिक्का मारून पोच घेतली. अर्जात तीन मागण्या आहेत: पाणी, तिसरा डबा, कोंडाबाईला हातमोजे.

गल्लीतल्या काहीजणी आता म्हणतात, ती कोंडाबाई नव्हे, सटवाईच म्हातारीच्या रूपात आली होती. बायांनो, असं म्हणू नका. तिला देवी म्हटलं की हात जोडून मोकळं होता येतं, हातमोजे द्यावे लागत नाहीत. देवीच्या बोटाला काच लागत नाही. कोंडाबाईच्या लागलेली आहे.

मैनेची लेक जशी वाचली, तशी तुमची आमची लेकरं वाचोत. जशी कोरडी झाली, तशी कोरडी राहोत. तांदूळ लेकरांच्या डोक्यावरून ओवाळा. कहाणी सुफळ झाली आहे. संपूर्ण झालेली नाही. तिच्यातल्या तीन प्रश्नांची उत्तरं यायची आहेत. अर्जाला आज त्रेचाळीस दिवस झाले. उद्या सकाळी सहाला कोंडाबाई ओढ्यात उतरेल. हातमोजे आलेले नाहीत.