शेवंतीच्या गावातली खुजी

जिला पाय नाहीत, तोंड नाही, सावलीसुद्धा नाही, अशी एखादी गोष्ट एका मळ्यातून दुसऱ्या मळ्यात कशी जात असेल, सांगाल का?

फार पूर्वी एका गावात घरोघर शेवंतीचे मळे होते. गावात एक म्हातारी माळीण होती. लहानथोर सगळे तिला आत्या म्हणत. तिच्या हाताला गुण आहे, तिने कापून दिलेला फुटवा हमखास जगतो, असं सगळे सांगत. म्हणून दरवर्षी बहर संपला की आत्या देवीपुढची सुरी घेऊन निघायची. पहिला काप स्वतःच्या दारातल्या झाडाला, मग गुरवाच्या मळ्यात, मग ओळीने एकेकाकडे. फेरी पुरी होईपर्यंत सुरी धुवायची नाही, पुसायचीही नाही, अशी रीत होती. पुसली तर गुण जातो म्हणे.

एका वर्षी आत्याने जत्रेतून शेवंतीचं नवं झाड आणलं. टपोरी सोनेरी फुलं. तिने ते हौसेने दारात लावलं आणि त्या वर्षीचा पहिला काप त्यालाच दिला.

पुढे उन्हाळ्यात गावात एक नवी सून आली. आणि त्या हिवाळ्यात गुरवाच्या मळ्यात शेवंती गुडघ्याच्या वर गेलीच नाही.

कीड नव्हती, कूज नव्हती. पानं बारीक, फुलं फिकी आणि वेळेआधीच उमललेली. धुक्यात त्या मळ्याकडे पाहिलं की वाटायचं, लहान मुलांच्या धडावर म्हाताऱ्यांचे चेहरे बसवलेत. शेजारच्या दोन मळ्यांतही तेच. वारा असला तरी तिथे पान हलल्यासारखं वाटायचं नाही.

"तिन्हीसांजेला कुणीतरी फिरतं," लोक कुजबुजू लागले. "झाडांच्या डोक्यावर हात ठेवत जातं. हात ठेवला की वाढ खुंटते."

तिचं नाव पडलं खुजी. आया दिवेलागणीच्या आत मुलांना घरात घेऊ लागल्या. दाराच्या चौकटीशी उभं करून त्यांची उंची पाहू लागल्या.

गुरव आत्याकडे आला. "आत्या, आता तुमच्याच हाताने बंदोबस्त व्हायचा. देवीची सुरी प्रत्येक झाडाला लावा. खुजी पुढे यायची नाही."

आत्याने ते मनावर घेतलं. बहर सरल्यावर पहिला काप दारातल्या सोनेरी झाडाला देऊन ती निघाली. एकही मळा सोडला नाही. नव्या सुनेच्या घरी मात्र अडलं. सुनेने माहेरून ओटीतून आणलेल्या फुटव्यांची एक वेगळी ओळ लावली होती. आत्याने पहिल्या रोपाला सुरी लावली, तशी सून पुढे आली.

"आत्या, राहू द्या ना. माझ्या आईच्या हातची रोपं आहेत. बाकीची मी हातानेच खुडते."

आत्याला राग आला, पण ती पुढच्या मळ्याकडे वळली. बाकीच्या बायकांनी मात्र सुनेला बोल लावले.

पुढच्या हिवाळ्यात सगळं गाव खुजं झालं. एका घराचे हार गुंफायला चार घरची फुलं पुरेनात. सुनेची ती एक ओळ तेवढी कमरेइतकी उंच उभी होती.

"बघा! हीच खुजीला घेऊन आली. देवीची सुरी नको म्हणाली तेव्हाच मला कळलं होतं," सासू म्हणाली. ठरलं. सकाळी गाडी जुंपायची आणि सुनेला माहेरी सोडायचं, कायमचं.

त्या संध्याकाळी आत्या ती ओळ पाहायला गेली. धुकं उतरत होतं. सून रोपांना पाणी घालत होती.

"आत्या, मी गेल्यावर यांना पाणी घालाल का?"

आत्याने ओळ न्याहाळली. सगळी झाडं उंच, पहिलं मात्र वीतभर. "हे असं का गं?"

"त्याला तुम्ही सुरी लावली होती."

सून तक्रार करत नव्हती. विचारलं म्हणून सांगत होती. आत्याच्या अंगावर काटा आला.

ती घराकडे निघाली. खुजी कुठून कुठे गेली असेल, ते मनात जुळवून पाहू लागली. आधी गुरवाचा मळा. मग विहिरीकडचा. मग चिंचेखालचा. प्रत्येक बांधावर तिची पावलं आपोआप वळत होती, कारण ही वाट तिचीच होती. वाट संपली ती तिच्या दारात. सोनेरी झाड उंच, टवटवीत उभं होतं. त्याला काहीच झालं नव्हतं. तेच सगळ्यात भयंकर होतं.

आत्या दारात थांबली. हे कुणालाच कळलं नसतं. सकाळी गाडी गेली असती आणि आत्या गावाची आत्याच राहिली असती.

सुरी घेऊन ती देवळात गेली. आरतीला सगळे जमले होते. जाण्याआधी देवीच्या पाया पडायला आलेली सून गाठोडं घेऊन खांबाशी बसली होती.

"खुजी कुणी पाहिलीय?" आत्याने विचारलं.

लोक एकमेकांकडे पाहू लागले.

"मी पाहिली." तिने सुरी समईपुढे ठेवली. "मीच तिला घरोघर नेली."

"काहीतरीच काय आत्या! तुमच्या हाताला गुण आहे," गुरव म्हणाला.

"असेल बाबा. पण सुरीला रोग होता. तो झाडाच्या रसात राहतो. रस सुरीला लागतो, सुरी पुढच्या झाडाला. आणि आपण ती पुसतसुद्धा नव्हतो."

"मग तुमच्या दारातलं झाड कसं बरं धडधाकट?" सासू म्हणाली.

"एखादं झाड रोग अंगात घेऊन हसत उभं राहतं गं. माझा विश्वास नसेल तर हिच्या ओळीत चला. त्यातलं एकच झाड माझ्या सुरीचं आहे. कुठलं ते मी सांगणार नाही, तुम्हीच ओळखा."

कंदील घेऊन सगळे गेले. ओळखायला वेळ लागला नाही. सासूने खाली मान घातली आणि सुनेच्या हातातलं गाठोडं आपल्या हातात घेतलं.

आत्याने सोनेरी झाड मुळासकट उपटलं आणि जाळलं. जळतानाही त्याला फुलांचाच वास येत होता. आत्या रडत होती. सून तिच्याजवळ बसली. "आत्या, आता माझे फुटवे गावभर तुम्हीच लावा," ती म्हणाली. "पण हात धुऊन हं!" आत्याला रडता रडता हसू आलं.

आज हा रोग करणाऱ्या, विषाणूहूनही लहान कणाला व्हायरॉईड म्हणतात. तेव्हा त्याला खुजीशिवाय नाव नव्हतं.

तात्पर्य इतकंच, मुलांनो: माया कितीही असो, हात आणि हत्यार स्वच्छ नसेल तर मायेबरोबर रोगही वाटला जातो. आणि चूक आपली आहे हे कळलं, की दुसऱ्याला शिक्षा होण्याआधी ते आपल्या तोंडाने सांगावं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी जुंपलीच नाही. गावाने खुजी झाडं उपटून पेटवली, आणि प्रत्येक घरच्या चुलीत एकेक सुरी लाल होत पडली होती.