सही सावलीत करू

दुपारचे दोन. कोसमटोल्याच्या लोकांनी राखलेल्या जंगलात, मोहाखाली वनाधिकारी देशकर यांची सभा भरली होती. रस्त्यापलीकडे खात्याचं जंगल होतं, तारेचं कुंपण घातलेलं, फाटकाला कुलूप असलेलं.

देशकर म्हणाले, "गुराख्याला चारा हवा, बुरुडाला बांबू, बायकांना सरपण. अशा ओढाताणीत जंगल टिकत नाही. हेही आमच्या ताब्यात द्या. ठरावावर सह्या करा."

सह्या झाल्या, तर गावाला स्वतःच्याच जंगलात पाय ठेवता येणार नव्हता.

ग्रामसभेच्या अध्यक्ष झुनाबाई पोटावी उठल्या. "आमी भांडतो, खरं हाय जी. बुरूड जास्त तोडाले लागला का गुराखी अडवते. गुराखी कोवळ्या बांबूत शिरला का बुरूड बोंबलते. म्हणून तर जंगल राहिलं. तरी सही करतो. फक्त खुर्च्या तुमच्या जंगलात न्या. तिथल्या सावलीत करू."

देशकर रुबाबात उठले आणि त्यांनी फाटक उघडायला लावलं.

रस्त्यालगतच्या झाडांच्या एका रांगेमागे सावलीच नव्हती. नजर पोचेल तिथवर सागाचे ताजे खुंट होते. खुर्च्या हातातच राहिल्या.

ठराव सह्यांविनाच परत गेला. फाटकाचं कुलूप मात्र शाबूत होतं, आणि त्याची एकुलती एक किल्ली खात्याकडे होती. साग बाहेर कसा गेला, हे खात्याने अजून सांगितलेलं नाही.