जावईबापूंचं ताट

“तिन्ही हुकूम पाळलेच पाहिजेत! एक जरी मोडला, तर धोंडभट, तुमची गाढवावरून वेशीबाहेर वरात!”

राजा उदयभान एवढं बोलून मिशांना तेल लावायला निघून गेला. मुदपाकखान्यात धोंडभट आचारी कपाळाला हात लावून बसले.

राजाचा जावई पहिल्या दिवाळसणाला यायचा होता. जावई म्हणजे साक्षात विष्णू. फरक इतकाच, की विष्णू शेषावर आडवा होतो, हे जेवल्यावर कुठेही होतात. त्यांच्या ताटात पुरणपोळ्या आणि लाडू किती वाढायचे, यावर राजवाडा आठवडाभर जागा होता. जावईबापूंना भूक किती, हे मात्र कुणी विचारलं नव्हतं.

हुकूम निघाले ते असे. थोरल्या राणीसाहेब म्हणाल्या, “पोळ्या आणि लाडू मिळून दहाच्या खाली नकोत. दरिद्री दिसतं!”

राजा म्हणाला, “मंजूर!”

दिवाण त्र्यंबकपंत म्हणाले, “पोळीला दोन पळ्या तूप लागतं, लाडवाला एक. ताटामागे बारा पळ्यांच्या वर तूप मिळणार नाही!”

“मंजूर!”

धाकट्या राणीसाहेब म्हणाल्या, “लाडू पोळ्यांपेक्षा जास्त नकोत. माझ्या माहेरी लाडवांनी ताट भरणाऱ्याला हसतात!”

“मंजूर!”

राजा मोठा न्यायी. कुणाचंच न ऐकता तो सगळ्यांना सारखंच मंजूर करी.

“किती मांडून पाहिलं, सूनबाई, जमतच नाही,” धोंडभट म्हणाले. “साठ वर्षांचा मी, आता गाढवावर बसायचं!”

त्यांची सून आवडी श्रावणातच लग्न होऊन आली होती. नव्या सुनेनं बोलायचं नसतं. त्यामुळे तिला ऐकायला पुष्कळ वेळ मिळे.

“मामंजी,” ती हळूच म्हणाली, “महाराजांना म्हणावं, ताट आम्ही वाढतो, पण किती ते आपणच येऊन दाखवा. मी तोवर रांगोळी घालते.”

“इथे माझी वरात निघालीय आणि तुला रांगोळी सुचतेय?”

“वरात म्हटलं की रांगोळी आलीच की!”

राजा आला. मागून दोन्ही राण्या आणि दिवाणजी आले. मुदपाकखान्याच्या अंगणात आवडीनं ठिपकेच ठिपके काढून ठेवले होते, एकेका ठिपक्यात पाऊलभर अंतर.

“महाराज, हा डाव्या हाताचा खालचा कोपरा म्हणजे रिकामं ताट. उजवीकडे एक ठिपका सरकलात, की एक पोळी वाढली. वर एक ठिपका सरकलात, की एक लाडू. ज्या ठिपक्यावर आपण उभे राहाल, तसं ताट वाढू.”

“एवढंच?” राजा हसला. “हा तर पोरांचा लंगडीचा खेळ!”

“हो, एवढंच. फक्त ज्यांचा हुकूम, त्यांनी स्वतःला न चालणारे ठिपके झाकावेत.”

तिनं दहा लाडवांच्या ठिपक्यापासून दहा पोळ्यांच्या ठिपक्यापर्यंत तिरकी रेघ ओढली. “थोरल्या राणीसाहेब, रेघेवरचं चालेल. तिच्या खाली सगळी दरिद्री ताटं!” राणीसाहेबांनी नाक मुरडून त्यावर हळद उधळली.

मग बारा लाडवांपासून सहा पोळ्यांपर्यंत दुसरी रेघ. “दिवाणजी, हिच्या पलीकडे आपलं तूप संपतं.” दिवाणजींनी पलीकडे चुलीतली राख पसरली. फुकटची असल्यामुळे सढळ हातानं पसरली.

वर डावीकडे ठिपक्यांची एक चिंचोळी पट्टी तेवढी पांढरी उरली. राजा उडी मारून तिच्यात उभा राहिला.

“हे बघा! दोन पोळ्या, आठ लाडू! काय हो धोंडभट, यासाठी रडत होता?”

“आठ लाडू?” धाकट्या राणीसाहेब किंचाळल्या. “आणि पोळ्या दोन?”

आवडीनं निमूट कोपऱ्यातून तिसरी रेघ ओढली, जितक्या पोळ्या तितके लाडू अशा ठिपक्यांवरून. राणीसाहेबांनी तिच्या वरच्या बाजूला गुलाल फेकला. निम्मा ठिपक्यांवर पडला, निम्मा राजाच्या जोड्यांवर.

राजा इकडे सरकला तर हळद, तिकडे सरकला तर राख. सबंध अंगणात एक ठिपका पांढरा नव्हता. राजा एका पायावर उभा राहून ओरडला, “अरे, माझ्याच राज्यात मला पाय ठेवायला जागा नाही?”

आवडीनं पदर सावरला. “महाराज, एवढ्याच जागेत मामंजींना स्वयंपाक करायचा होता!”

मग राजा असा खदखदून हसला, की दुसरा पाय राखेत पडला.

“मग तोड काय, पोरी?”

“हा ठिपका बघा. पाच पोळ्या, पाच लाडू. याच्यावर हळद नाही, गुलाल नाही. नुसती राख आहे.”

सगळ्यांनी दिवाणजींकडे पाहिलं.

“एक पळी वाढवतो,” दिवाणजी कण्हले. आवडीनं तुपाची रेघ थोडी सरकवली. ठिपका राखेतच!

“अजून एक…” तरी राखेतच!

“पंधरा! पंधरा पळ्या! बुडालं राज्य!” रेघ बरोब्बर ठिपक्यावर आली.

“राख तेवढी फुंका, दिवाणजी,” आवडी म्हणाली. त्र्यंबकपंतांनी गुडघे टेकून राख फुंकली. सबंध अंगणात तो एकच ठिपका पांढरा झाला आणि राजा त्यावर दोन्ही पाय जुळवून उभा राहिला.

“धोंडभट, गाढव सोडून द्या! तुमची जागा कायम. आणि पोरी, एक पैठणी तुला. यापुढे या रांगोळीतून पार झाल्याशिवाय एकही हुकूम मुदपाकखान्यात यायचा नाही! अजून काय हवं, माग!”

आवडीनं हळद, गुलाल आणि राखेनं माखलेल्या अंगणाकडे पाहिलं. एरवी ते अंगण कुणी झाडायचं, हे कधी विचारावं लागत नसे; ते काम सुनेचंच.

“काही नको, महाराज. ज्यांनी उधळलं, त्यांनी झाडावं, एवढंच.”

राजा पोट धरधरून हसला आणि स्वतः जाऊन तीन केरसुण्या घेऊन आला!