चुलीतली खुंटी

पूर्वी रोहिणावती नगरात राजा अरिजय राज्य करीत असताना बोधिसत्त्व त्याचा जमीन मोजणारा अमात्य होता. नगराबाहेर पद्मसर नावाचे तळे होते. तळे तुडुंब भरले की पाणी जिथवर येते, तिथून शंभर हातांच्या आत कोणी घर बांधू नये, असा राजाचा नियम होता.

सोणक श्रेष्ठीला तळ्याकाठी साठ घरे उभारायची होती. विटाही भाजून झाल्या होत्या. ज्येष्ठात पाणी आटून दूर गेले, तेव्हा त्याने मोजणी मागितली.

"अमात्य, पाणी ते तिकडे. तिथून मोजा."

"ते आजचे पाणी, श्रेष्ठी. नियम भरल्या तळ्याचा आहे."

"भरलेले तळे काय तुमच्या स्वप्नात दिसते?"

बोधिसत्त्वाने कोरड्या काठावर चर खणला. एका रेषेपर्यंत मातीत गोगलगायींचे शंख निघाले, पुढे एकही नाही; भरल्या तळ्याचे पाणी तिथवरच येत होते. तिथून त्याने शंभर हातांची दोरी धरली. सोणकाच्या साठही घरांची जागा मनाईच्या हद्दीत आली.

खुंट्या ठोकत तो पूर्वेकडे गेला. दोरी त्याच्याच स्वयंपाकघरातून गेली. घर वडिलांनी बांधलेले. साऱ्या नगराची मोजणी करणाऱ्याने ते कधी मोजले नव्हते.

सोणक हसला. "दिव्याखाली अंधार! रेषा तळ्याकडे सरकवा, अमात्य. तुमची चूल वाचेल, माझी घरे वाचतील."

आपलाच तर्क चुकला असेल, असे बोधिसत्त्वाला वाटले. चुकावा, असेही वाटले. त्याने आणखी दोन ठिकाणी खणले. शंख त्याच रेषेत संपत होते. खुंटी हातात घेऊन तो चुलीपाशी उभा राहिला.

त्याची पत्नी उत्पला म्हणाली, "लोकांच्या अंगणात तुमचा हात कधी थांबला नाही. इथेच का थांबला?" तिने चुलीवरचे भांडे उतरवले आणि मोगरी त्याच्या हाती दिली.

बोधिसत्त्वाने चुलीत खुंटी ठोकली. दुसऱ्या दिवशी स्वतःच्या हातांनी त्याने घराची कौले उतरवली. ते पाहून सोणकाने विटांच्या गाड्या माळाकडे वळवल्या.

त्या भाद्रपदात तळे काठ सोडून पसरले. पाणी खुंटीला टेकले आणि तिथूनच ओसरले. माळावरच्या साठ घरांत चुली पेटलेल्या होत्या.

ही कथा सांगून शास्ता म्हणाले, "भिक्षूंनो, ओढ्याकाठची झाडे तोडून कुटी बांधू पाहणारा हा भिक्षू तेव्हा सोणक होता. आनंद राजा होता, राहुलमाता उत्पला होती आणि दोरी माझ्या हाती होती. ठरवलेली रेषा स्वतःच्या घरातून गेली तरी न हलवणे, हीच अधिष्ठान पारमिता, निश्चयाची पूर्णता."