रेश्माचा अनुभव

जीपचं दार धाडकन आपटल्याचा तो आवाज मला अजून आठवतो. आमच्या पारध्यांच्या वस्तीत पोलिसांची जीप आली की पुरुषांनी आपणहून पुढे व्हायचं, अशी सवयच पडली होती. माझा भाऊ झुंबर तर काही न विचारता मागे चढून बसलासुद्धा.

"उतर रे खाली," फौजदार म्हणाले. "आज कुणाला न्यायला आलो नाही. रेश्मा कोण?"

रेश्मा माझी लेक. पोलीस भरतीत ती पळण्यात पास झाली होती, लेखी परीक्षेतही झाली होती. आता फौजदारांनी घरी येऊन तिची वागणूक चांगली आहे असं लिहून द्यायचं, एवढंच उरलं होतं. त्यांनी नाही म्हटलं तर सगळं फुकट.

फौजदार बाजेवर ऐसपैस बसले. म्हणाले, "तुम्हा लोकांना चोरी करणं ठाऊक. चोर शोधणं कसं जमणार गं तुला?"

रेश्मा मात्र हसली.

"जमेल की साहेब. गावात चोरी झाली की तुम्ही आधी आमच्याकडे येता. मामाला नेता, मग सोडता, आणि चोर दुसरीकडेच सापडतो. कुठे शोधायचं नाही, हे मला लहानपणापासून पाठ आहे. निम्मं काम तिथेच झालं."

ड्रायव्हरने हसू लपवायला तोंड फिरवलं. झुंबरने तेवढंही केलं नाही.

फौजदारांनी खिशातून कागद काढला. मग त्यांनी दोन ओळी लिहून सही केली. रेश्माने त्या उलट्या बाजूने वाचल्या आणि माझ्याकडे बघून हळूच होकाराची मान हलवली. फौजदार उठले, टोपी डोक्यावर ठेवली आणि जीपकडे चालू लागले.